नेटबंदीत बंद होते ती साक्ष

कुठे दगडफेक झाली, मोर्चा चिघळला की काही तासांत गृह विभागाचा आदेश निघतो आणि त्या जिल्ह्यातले मोबाइल इंटरनेट बंद होते. संध्याकाळी वाहिन्यांवर ठरलेला वाद रंगतो. एक बाजू विचारते, माणसांचे जीव मोठे की रील्स? दोन दिवस नेट नसले तर असे काय आभाळ कोसळते? दुसरी बाजू किती व्यवहार अडले, किती कोटींचा धंदा बुडाला याचा हिशेब मांडते. हा वाद दोन्ही बाजूंनी भलत्याच मुद्द्यावर लढवला जातो. नुकसानीचे आकडे सांगणारे तर आपली बाजू स्वतःच दुबळी करतात, कारण एका पारड्यात पैसा आणि दुसऱ्यात जीव टाकला की निकाल लागलेलाच असतो, आणि तो तसाच लागायला हवा. मूळ प्रश्न गैरसोयीचा नाही आणि पैशाचाही नाही. नेटबंदीने अफवा थांबते की नाही, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण अफवेला मिळणारे उत्तर आणि घडलेल्या गोष्टीची साक्ष, या दोन गोष्टी नेटबंदीने निश्चित थांबतात. आणि ज्या प्रशासनाविरुद्ध उद्या ही साक्ष द्यावी लागू शकते, त्याच्याच हाती ती थांबवण्याचा अधिकार आहे. कोणत्याही पक्षाच्या सरकारकडे हा अधिकार आजच्या स्वरूपात राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आधी मांडायला हवा, आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी ही माणसे मुले पळवणाऱ्या टोळीतली आहेत, असा संशय गर्दीला आला. त्याआधीचे काही आठवडे व्हॉट्सअॅपवर मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश फिरत होते. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तिथेच त्यांचा जीव घेतला. ज्यांनी त्या दिवसांतले ते संदेश पाहिले आहेत, त्यांना ‘नेट चालू असणे हा हक्क आहे’ हे वाक्य पोकळ वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही. पुढे ७ जून २०२३ ला कोल्हापुरात काय झाले तेही आठवावे. काही तरुणांनी ठेवलेल्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, गर्दी जमली, दगडफेक झाली, लाठीमार झाला. अशा वेळी जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाकडे माणसे मोजकी, गावे शेकडो आणि दर मिनिटाला नवा व्हिडिओ. राखीव दल पोहोचेपर्यंत चार तास मिळावेत म्हणून तो नेट बंद करायला सांगतो, तेव्हा त्याच्या मनात काळे असतेच असे नाही. अनेकदा तो खरोखर घाबरलेला असतो आणि त्याची भीती रास्त असते.

तरीही राईनपाड्याचे उदाहरण नेटबंदीच्या बाजूने उभे राहत नाही. त्या रविवारी सकाळी कोणी नेट बंद केले असते तरी काय फरक पडला असता? विष आठवड्यांपूर्वीच पसरले होते. बाजारातल्या गर्दीला चिथावायला त्या क्षणी फोनची गरज नव्हती, एका ओरडण्याने काम झाले. त्या माणसांना वाचवू शकली असती ती वेळेवर पोहोचलेली पोलिसांची गाडी, आणि ‘अशी कोणतीही टोळी नाही’ असे आधीच्या आठवड्यांत गावागावांत, त्याच व्हॉट्सअॅपवर, तिथल्या बोलीत सांगणारे प्रशासन. घटनेनंतर जे उपयोगी पाऊल पडले तेही वेगळ्याच दिशेचे होते. व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घातली. अफवेचा वेग कमी करण्याचा हा उपाय होता. त्यासाठी एकाही जिल्ह्यातल्या सगळ्या माणसांची तोंडे बांधावी लागली नाहीत.

अफवा इंटरनेटने जन्माला घातलेली नाही. १९९२-९३ च्या मुंबईत नागरिकांच्या हाती मोबाइल नव्हते, इंटरनेट नव्हते, आणि शहर आठवडेच्या आठवडे अफवांवर जळत होते. त्याच काळात शेजारी भिवंडी शांत राहिली. हे ज्यांना माहीत नाही त्यांनी मुद्दाम समजून घ्यावे, कारण १९७० आणि १९८४ या दोन्ही साली भिवंडी भीषण दंगलींसाठी देशभर बदनाम झाली होती. मग १९९२ मध्ये काय बदलले होते? तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी आधीची काही वर्षे खपून मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांची माणसे पोलिसांसमोर नियमित एकत्र बसत, एकमेकांना नावाने ओळखत. अफवा उठली की ती खरी की खोटी हे विचारायला माणूस होता आणि त्याच्या शब्दावर विश्वास होता. म्हणजे भिवंडीत शांतता आली ती बोलण्याच्या वाटा वाढल्यामुळे. अशा प्रयोगाला वर्षे लागतात, चिकाटी लागते, बदल्यांच्या राजकारणातून एखादा अधिकारी टिकावा लागतो. नेट बंद करायला एक सही पुरते, आणि म्हणूनच ती सही इतकी सवयीची झाली आहे.

‘पण निदान आग तर विझते ना?’ असे विचारले जाते. विझते याचा पुरावा कोणाकडे आहे? शशी थरूर अध्यक्ष असलेल्या संसदेच्या माहिती तंत्रज्ञान विषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मध्ये नेमक्या याच विषयावर अहवाल दिला. देशात किती वेळा इंटरनेट बंद झाले याची नोंद ना दूरसंचार विभागाकडे आहे ना गृह मंत्रालयाकडे, आणि बंदीचा उपयोग होतो की नाही याचा अभ्यासही कोणी केलेला नाही, हे त्या समितीला आढळले. एखादे औषध वर्षानुवर्षे लाखो लोकांना द्यायचे आणि ते लागू पडते का याची साधी वहीही ठेवायची नाही, असा हा कारभार आहे. यान रिड्झाक या संशोधकाने भारतातल्या नेटबंदीचा अभ्यास केला, तेव्हा बंदीनंतर हिंसक निदर्शने कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली. एका अभ्यासाने प्रश्न निकालात निघत नाही, हे मान्य. परंतु कारण समजण्यासारखे आहे. संपर्क तुटला की आंदोलनाचे नेते आपल्याच लोकांना ‘मागे फिरा’ असे सांगू शकत नाहीत, घरात बसलेल्यांना काय चालले आहे ते कळत नाही, म्हणून ते रस्त्यावर येतात. इजिप्तमध्ये होस्नी मुबारक यांच्या सरकारने २८ जानेवारी २०११ ला जवळजवळ सगळ्या देशाचे इंटरनेट तोडले. लोक घरी बसले नाहीत. ११ फेब्रुवारीला मुबारक यांना पायउतार व्हावे लागले.

आता मणिपूर. ३ मे २०२३ ला तिथे हिंसाचार उसळला आणि राज्यभर इंटरनेट बंद झाले. ४ मे रोजी जमावाने कुकी समाजाच्या स्त्रियांची नग्न धिंड काढली. तो व्हिडिओ देशाने पाहिला १९ जुलैला, अडीच महिन्यांनी. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान त्यावर बोलले, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, अटका सुरू झाल्या. तक्रार तर मे महिन्यातच पोलिसांकडे गेलेली होती. मग मे, जून आणि अर्ध्या जुलैत कमी काय होते? गुन्हा होता, पीडित स्त्रिया होत्या, तक्रार होती, फक्त उरलेल्या देशाच्या डोळ्यांसमोर काही नव्हते. नेटबंदीने त्या अडीच महिन्यांत मणिपूर शांत केले का? माणसे मरत राहिली, गावे जळत राहिली, शस्त्रागारे लुटली गेली. मणिपूरची बंदी हिंसा थांबवू शकली नाही, हिंसेची बातमी मात्र तिने अडवली. तो व्हिडिओ आधी बाहेर आला असता तर आणखी भडका उडाला असता, असा युक्तिवाद होतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. चिथावणीला पुरावा उपयोगी पडतो हे खरे आहे. पण हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर अत्याचाराचा कोणताच पुरावा कधीच बाहेर येता कामा नये असे म्हणावे लागेल, आणि मग अत्याचार करणाऱ्यासाठी याहून सुरक्षित जागा कुठली असेल?

‘वर्तमानपत्रे चालू असतात, टीव्ही चालू असतो, मग साक्ष बंद कशी?’ याचे उत्तर काश्मीरने दिले आहे. ४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री तिथे मोबाइल, इंटरनेट आणि साधे फोनसुद्धा बंद झाले. काही दिवसांनी पत्रकारांना श्रीनगरमध्ये सरकारच्या देखरेखीखाली मोजके संगणक मिळाले आणि त्यांवरून रांगेत उभे राहून बातम्या पाठवाव्या लागल्या. ‘काश्मीर टाइम्स’ची श्रीनगर आवृत्ती निघू शकली नाही, म्हणून त्याच्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२० मध्ये मोबाइलवर टू-जी आले, तेही सरकारने मंजूर केलेल्या मोजक्या संकेतस्थळांपुरते. फोर-जी परत आले ५ फेब्रुवारी २०२१ ला, दीड वर्षाने. मधल्या काळात कोविडची पहिली लाट आली आणि गेली. मुंबई-पुण्याची मुले व्हिडिओवर वर्गात बसत होती तेव्हा खोऱ्यातल्या मुलांसमोर चित्र पुढेच सरकत नव्हते, आणि अतिदक्षता विभागाची मार्गदर्शक पुस्तिका उतरवून घेणेही डॉक्टरांना जड जात होते. त्या काळातल्या सुरक्षेच्या गरजा मी नाकारत नाही. दीड वर्ष हा मात्र आणीबाणीच्या उपायाचा कालावधी नव्हे.

आणीबाणीचा उल्लेख ओघात आला, तर तिथे थोडे थांबू या. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. लेख तपासणारे अधिकारी, काळे केलेले रकाने, हे सगळे नंतर आले. पहिला घाव विजेवर होता. या दोन्हींतला फरक फार महत्त्वाचा आहे. अधिकारी लेख कापतो तेव्हा कोणता मजकूर कापला हे दिसते, का कापला हे विचारता येते, न्यायालयात भांडता येते. मुंबई उच्च न्यायालयात तसे भांडण झालेही. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर अडवणाऱ्या आदेशाविरुद्ध निकाल देताना न्यायमूर्ती मादन आणि न्यायमूर्ती कानिया यांनी ऐन आणीबाणीत, १९७६ मध्ये, सगळ्या नियतकालिकांना एका सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे असे ठणकावले. वीज तोडली तर असा वादच उभा राहत नाही. अग्रलेखाबरोबर बाजारभावही थांबतात, लग्नाच्या जाहिरातीही थांबतात, आणि कोणत्या वाक्याची भीती वाटली हे सरकारला सांगावे लागत नाही. नेटबंदी ही या वीज तोडण्याची वारस आहे. तिच्यात आक्षेपार्ह मजकूर नावाची गोष्टच नसते. कोणावर आरोप नसतो, म्हणून कोणाला बचावही करता येत नाही. वीस लाखांच्या जिल्ह्यात दोनशे माथेफिरू असतील, तर शिक्षा वीस लाखांना होते.

याहून जुना दाखला १८७८ चा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला तेव्हा इंग्रजी पत्रांना हात लावला नाही. ‘अमृत बझार पत्रिका’ त्यातून सुटण्यासाठी रातोरात इंग्रजी झाली. साहेबाला धास्ती होती ती सामान्य माणूस वाचतो त्या कागदाची. आज बहुतेक आदेश मोबाइल इंटरनेटपुरते असतात आणि ब्रॉडबँड चालू राहते. हे सौम्य धोरण म्हणून सांगितले जाते. पण या देशातल्या इंटरनेट जोडण्यांपैकी शंभरातल्या नव्वदांहून अधिक मोबाइलवरच आहेत. केबलवाला कार्यालयातला आणि चांगल्या वस्तीतला माणूस जोडलेला राहतो. ज्याचे सगळे जग सहा इंची पडद्यावर आहे तो तुटतो. आणि सरकारनेच त्याला त्या पडद्यावर आणून बसवले आहे. ई-पीक पाहणी मोबाइलवर करा, पिकाच्या नुकसानीची माहिती विमा कंपनीला ७२ तासांत द्या, रोजगार हमीची हजेरी अॅपवर लावा, रेशनला अंगठा यंत्रावर उमटवा, हे कोणी सांगितले? एका हाताने सगळे हक्क इंटरनेटवर न्यायचे आणि दुसऱ्या हाताने इंटरनेट ही चैन आहे, दोन दिवस राहा तिच्याशिवाय, असे म्हणायचे, हे एकाच राज्यकर्त्याच्या तोंडी शोभत नाही.

आणि हे हत्यार दंगलीपुरते तरी राहिले आहे का? सप्टेंबर २०२१ मध्ये राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून इंटरनेट बंद केले गेले. आसामने पुढे भरती परीक्षांसाठी तेच केले. पश्चिम बंगालने मार्च २०२२ मध्ये दहावीच्या परीक्षेच्या काळात काही जिल्ह्यांत नेट बंद करायला घेतले, तेव्हा कोलकाता उच्च न्यायालयाने तो आदेश रोखला. राजस्थानात तेव्हा काँग्रेस होती, आसामात भाजप, बंगालमध्ये तृणमूल. म्हणून हा वाद कोणत्या पक्षाच्या बाजूचा हे विचारणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले. संताप होता तो तक्रार नोंदवायला झालेल्या दिरंगाईवर, म्हणजे व्यवस्थेवरच. तिथेही इंटरनेट बंद झाले. पेपरफुटी, दंगल, पालकांचा उद्रेक, या सगळ्यांवर एकच मात्रा चालत असेल तर तिच्या मागे विचार आहे असे कसे मानायचे?

कायदा काय म्हणतो? १८८५ च्या तार कायद्यातल्या ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या दोन शब्दप्रयोगांवर २०१७ चे नियम उभे राहिले. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि २०२४ चे नियम आले, पण शब्द तेच आहेत आणि त्यांची व्याख्या आजही नाही. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मोलाची तत्त्वे सांगितली. इंटरनेटवरून होणाऱ्या अभिव्यक्तीला आणि व्यवसायाला घटनेच्या १९ व्या कलमाचे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे, आणि उपाय धोक्याच्या प्रमाणात हवा. मात्र त्या निकालाने काश्मीरचे नेट सुरू झाले नाही. आदेशांचे परीक्षण ज्या समितीने करायचे ती राज्यात मुख्य सचिव आणि इतर सचिवांची बनते. गृह सचिवाने काढलेला आदेश त्याचे सहकारी अधिकारी तपासणार, तेही पाच दिवसांच्या मुदतीत, आणि तोवर बहुतेक बंद्या संपून गेलेल्या असतात. आदेश प्रसिद्ध करण्याचे बंधन तर अनेक ठिकाणी कागदावरच राहिले. लोकांना आपले नेट बंद असल्याचे कळते ते नेट बंद पडल्यावर. आणि आदेश ज्या संकेतस्थळावर टाकायचा, ते बंद जिल्ह्यातल्या माणसाने पाहायचे कसे?

न्यायालयाने मनावर घेतले तर परिणाम होतो, हे आसामने दाखवले. नागरिकत्व कायद्याविरोधातल्या आंदोलनात तिथे मोबाइल इंटरनेट बंद होते. १९ डिसेंबर २०१९ ला गुवाहाटी उच्च न्यायालयाने सरकारकडे बंदी चालू ठेवण्याजोगी सामग्री मागितली, ती पुरेशी वाटली नाही, आणि त्याच संध्याकाळी सेवा सुरू करायला सांगितले. आसाम पेटला नाही. कारण मागितल्याबरोबर जी बंदी टिकत नाही, ती मुळात घालताना कोणी कारण मागितले असते तर?

म्हणून माझा आग्रह कोणत्याही परिस्थितीत एक मिनिटही बंदी नको असा नाही. हिंसा डोळ्यांसमोर घडत असताना एखाद्या शहराच्या ठरावीक भागात काही तासांसाठी ती घालावी लागेल, हे मी मान्य करतो. पण ते ठरवताना आधी काय केले हे आदेशात लिहावे लागेल. चिथावणी देणारी खाती कोणती होती, ती बंद करायला सांगितले का, कोणाला अटक केली, पोलिसांनी स्वतः खुलासा किती वेळात दिला? बंदीच्या काळात रुग्णवाहिका, दवाखाने, रेशन आणि बँक कशी चालेल याची सोय नावानिशी नोंदवलेली हवी. परीक्षेसाठी बंदी सरळ निषिद्ध हवी. परीक्षण समितीत उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश आणि सरकारबाहेरचा एक सदस्य हवा, आणि चोवीस तासांत तिची मान्यता मिळाली नाही तर सेवा आपोआप सुरू व्हावी. आदेश स्थानिक वर्तमानपत्रांत आणि आकाशवाणीवर मराठीतून द्यावा. केंद्राचे नियम बदलण्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. कोल्हापूर, बदलापूर, आणि २६ फेब्रुवारी २०२४ ला मराठा आंदोलनाच्या वेळी जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड, अशा आपल्याकडच्या प्रत्येक बंदीचा आदेश, तिची कारणे, परीक्षण समितीचे मत आणि तिच्या परिणामांचा अहवाल गृह विभागाने पुढच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. एखाद्या आमदाराने तशी मागणी लेखी करावी आणि उत्तर येईपर्यंत ती सोडू नये.